दोरीच्या दुसऱ्या टोकाला

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता माझी बायको प्रणिता स्वयंपाकघरात पडली. मी गॅलरीत स्टुलावर उभा राहून कूलरला ताट्या लावत होतो. पडण्याआधी तिने एकदा हाक मारली. मी हूं म्हटलं. हातातली ताटी लावून झाल्यावर आत गेलो. दुपारी दोन वाजता डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. आमची मुलगी जुई तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांची होती.

डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. पाच मिनिटं आधी कळलं असतं तरी काही करता आलं नसतं, असंही डॉक्टर म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. दर मार्चमध्ये कूलर माळ्यावरून खाली येतो. टाकीचा तळ घासायचा, पंप चालतो का ते पाहायचं, तिन्ही बाजूंच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या. ताट्या म्हणजे लाकडाच्या बारीक सालींनी भरलेल्या जाळ्या. त्यांवर पहिल्यांदा पाणी पडतं तेव्हा घरभर ओल्या लाकडाचा वास येतो. नागपुरात हा वास आला की उन्हाळा लागला असं धरतात. लोकांना तो आवडतो. मलाही आवडायचा. आता तो आला की मला कळतं की तो आला, एवढंच.

आज मी तेच काम करतो आहे. आत जुई पुस्तकांना कव्हरं घालते आहे. आता ती पावणेसात वर्षांची आहे.

प्रणिता उमरेडची. तिच्या माहेरी पूर्वी हातमाग होता. तिचे वडील मागावर बसत आणि तिची आई शेजारी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असे. दोन्ही हात सुतात गुंतलेले. म्हणून पोरांना जुन्या लुगड्याच्या झोळीत टाकायचं, झोळीला दोरी बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं. हातांनी कांडी भरायची, पायाने पोर हलवायचं. त्यांच्या गल्लीत घरोघरी हेच. पुढे माग गेला, मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी बसली, वडील एका दुकानात कामाला लागले. पण दोरी राहिली. जुई झाली तेव्हा माझ्या सासूबाईंनी तीच दोरी धुऊन, वाळवून, पिशवीत घालून आणली होती.

प्रणिता घरी साड्यांना फॉल लावायची. हॉलमध्ये झोळी, खाली सतरंजी, सतरंजीवर ती, तिच्या मांडीवर साडी आणि उजव्या पायाच्या अंगठ्यात दोरी. जुई वर्षाची झाल्यावर तिला एक शोध लागला. झोळीतून हात बाहेर काढून दोरी ओढली की आईचा अंगठा ओढला जातो आणि आई "हूं" म्हणते. मग तो त्यांचा खेळच झाला. ओढलं की हूं. पुन्हा ओढलं की पुन्हा हूं. झोपेत मध्येच जाग आली तरी ती डोळे न उघडता दोरी ओढायची, हूं ऐकायची आणि पुन्हा झोपायची. प्रणिताचा प्रत्येक हूं वेगळा असे. दातात दोरा धरलेला हूं, हसू दाबलेला हूं, कंटाळलेला हूं. पण एकही ओढ तिने रिकामी जाऊ दिली नाही.

माझ्या हूंबद्दल तिचं मत वेगळं होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. घरीही बहुतेक वेळ डोकं पुस्तकात. ती काही बोलली की मी हूं म्हणायचो.

"काय म्हटलं मी आत्ता?" ती विचारायची.

"हेच… गॅसचं काहीतरी."

"गॅसचं! टरबूज कापलं म्हटलं. तुमचा हूं म्हणजे नुसती हवा आहे जी. पोरगी तुमच्या भरवशावर राहिली असती तर दोरी ओढून ओढून हात तुटला असता तिचा."

ती हसत म्हणायची. मीही हसायचो. हे चार वर्षांत मी अनेकदा आठवलं आहे.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. सासूबाई राहणार होत्या, पण सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, त्या उमरेडला परतल्या. उन्हाळ्यात, पाऊस लागेपर्यंत, आमचं कॉलेज सकाळचं असतं. सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू जुईला सांभाळत. दीड वाजता मी तोंडाला दुपट्टा बांधून मानेवाड्याला घरी येई. मग पाच वाजेपर्यंत पडदे ओढलेल्या घरात आम्ही दोघं. बाहेर ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. कूलरचा आवाज एकसारखा चालू असायचा. त्या आवाजात मला बरं वाटायचं, कारण त्यात दुसरं काही ऐकू येत नसे.

मी तिला झोळीत टाकायचो. चार झोके द्यायचो. आणि दोरीचं टोक जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीला बांधायचो.

हे मी का केलं ते सांगतो. पहिल्या दिवशी तिने झोळीत पडल्या पडल्या हात बाहेर काढला आणि दोरी शोधली. दोरी मोकळी लोंबत होती. तिने ती ओढली तर सगळीच तिच्या हातात आली. ती दोरीकडे पाहत राहिली. मला ते पाहवलं नाही. दोरी दुसऱ्या बाजूने ताणलेली लागली तर तिला बरं वाटेल असं माझ्या मनात आलं, म्हणून मी ती खुर्चीला बांधली आणि आतल्या खोलीत जाऊन पडलो. स्वतःच्या अंगठ्याला बांधावी हे सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. तिथे बसून दर ओढीला हूं म्हणण्याइतकं माझ्यात काही उरलेलं नव्हतं.

ती ओढत राहिली. खुर्चीचा पाय फरशीवर थोडा सरकायचा, त्याचा बारीक आवाज कूलरच्या आवाजातूनही आतल्या खोलीत यायचा. पहिल्या दिवशी कितीतरी वेळ आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी थांबून थांबून. चौथ्या दिवशी आलाच नाही. मी उठून पाहिलं. ती जागी होती. दोन्ही हात पोटावर ठेवून छताकडे पाहत होती. मला वाटलं, सवय झाली. लहान मुलं लवकर सावरतात, लोक म्हणत होते ते खरं आहे. मी परत जाऊन झोपलो. त्या उन्हाळ्यातली ती माझी पहिली शांत झोप होती.

त्यानंतर सगळे तिचं कौतुकच करू लागले. ती कुणाकडेही जायची. मी कॉलेजला निघालो तर रडायची नाही, परत आलो तर धावत यायची नाही. भूक लागली तरी मागायची नाही, दिलं की खायची.

"किती गुणी पोरगी आहे बाप्पा," काकू म्हणायच्या. "आमच्या घरची पोट्टी, मी बाथरूमले गेली तरी दार वाजवते. हे पहा कशी, काहीच त्रास नाही हिचा."

संध्याकाळी ऊन उतरलं की मी तिला कॉलनीच्या बागेत नेत असे. तिथे मी इतर मुलांकडे पाहत बसायचो. तिच्याच वयाची एक मुलगी होती. ती आजीचं बोट सोडून घसरगुंडीकडे धावायची. अर्ध्या वाटेत थांबायची. मागे वळून पाहायची. आजी बाकावर दिसली की पुन्हा धावायची. वरून घसरण्याआधी पुन्हा एकदा पाहायची. जुई सरळ जायची. एकदाही मागे पाहायची नाही. बागेच्या फाटकापर्यंत जायची, फाटक उघडं असलं तर बाहेरही निघायची. बाकावरचे एक आजोबा मला म्हणाले, "तुमची मुलगी फार धीट आहे."

मी हो म्हटलं. मला ते पटलंही होतं. मीही असाच मुलगा होतो. माझ्या लहानपणी आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तिला हाक मारायची नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी मारत नसे. पाहुणे आले की म्हणायचे, याचा आवाजही येत नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा. मग पुस्तकं सापडली. पुस्तकं हाक मारत नाहीत आणि हाकेची वाटही पाहत नाहीत. एवढा मोठा झालो तरी न रडणं म्हणजे शहाणपण हे माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

मेच्या शेवटी सासूबाई आल्या. दुपारच्या एसटीने, डोक्यावर पदर, पदराखाली ऊन बाधू नये म्हणून कांदा, हातात कैऱ्यांची पिशवी. मी दार उघडलं तेव्हा जुईने त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकली. त्यांनी तिला उचललं तर उचलू दिलं. खाली ठेवलं तर खाली राहिली. सासूबाईंनी पदराखालचा कांदा काढून ठेवला. पाणी प्यायल्या. मग त्यांचं लक्ष झोळीकडे गेलं आणि दोरीवरून सरकत खुर्चीपर्यंत आलं.

"हे दोरी खुर्चीले काहून बांधली जी, जवाईबापू?"

मी सांगितलं. ताणलेली असली की तिला बरं वाटतं, आता ती ओढतही नाही, शांत पडून राहते.

सासूबाईंनी वाकून गाठ पाहिली. मी तीन गाठी मारल्या होत्या.

"खुर्ची हुंकारा देते का?" त्या म्हणाल्या.

त्या पहिली गाठ सोडवू लागल्या.

"माग चालू असताना पाच पोरं वाढवली मी या दोरीवर. कामात लय घाई राहे. कधी कधी मीबी खुंटीले बांधून टाको, नाही म्हणत नाही. पण पोरगं ओढून राहिलं असं दिसलं की तिथूनच आवाज देवो. नाही त पोरगं काय समजते सांगू? तिकडे कोणीच नाही असं नाही समजत. तिकडे कोणी हाये, पण त्याले माह्याशी बोलाचं नाही, असं समजते."

बोलता बोलता त्या नखांनी गाठी सोडवत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज तसाच होता. तीन गाठी सुटायला वेळ लागला. मग त्यांनी मला खाली सतरंजीवर बसायला सांगितलं आणि दोरी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला अडकवली. मला वाटलं होतं त्या स्वतःच्या पायाला बांधतील. तसं म्हटलंही.

"मी काय जन्मभर राहणार हाओ का अठी? बसा. पुस्तक घ्या पाहिजे त. पण बसा."

मी बसलो. जुई झोळीतून माझ्याकडे पाहत होती, जसं एखाद्या नव्या फर्निचरकडे पाहतात. तिने दोरीला हात लावला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सासूबाई पंधरा दिवस राहिल्या आणि परत गेल्या. मी रोज दुपारी दोन ते चार सतरंजीवर बसत होतो. अंगठ्यावर दोरीचा वळ पडला. दोरी सैल लोंबत होती.

त्या दिवसांत मी ग्रंथालयातली लहान मुलांच्या मनावरची पुस्तकं काढून वाचली. बहुतेकांत एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत होती. मूल कुणावर तरी टेकलेलं असलं तरच ते लांब जातं, अनोळखी मुलांत मिसळतं, भांडतं, पुन्हा खेळायला घेतं. टेकायला जागा नसली तर ते एक तर कुणालाच सोडत नाही किंवा कुणालाच धरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला लोक समंजस म्हणतात. ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग पुस्तक जागेवर ठेवलं. मला काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फक्त दुपारी घरी जाताना स्कूटर थोडी वेगात चालवली.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. जुईला घराजवळच्या बालवाडीत घातलं. पहिल्या दिवशी फाटकावर गोंधळ होता. मुलं आयांच्या ओढण्या सोडत नव्हती, एकाने चपला फेकल्या होत्या. जुई माझं बोट सोडून आत गेली, तिसऱ्या रांगेत बसली. मागे पाहिलं नाही. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे हेव्याने पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात तिथल्या ताईंनी मला थांबवलं. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, सतत पदराला खडूचे हात पुसणाऱ्या.

"सर, एक बोलायचं होतं. तुमची जुई रडतच नाही नं."

"हो. शांत आहे ती."

"तेच मले बरोबर वाटून नाही राहिलं. रडणारं पोरगं मी दोन दिवसांत बसवते, त्याची मले काळजी नाही. हे पोरगी… काल एका पोरीने हिच्या हातातली बाहुली ओढून घेतली. हिने देऊन टाकली. काही म्हटलं नाही, मले सांगितलंबी नाही. मग ते पोरगी पडली, गुडघा फुटला, सारे पोरं जमा झाले, कोणी फुंकर मारून राहिलं, कोणी माझा हात ओढून राहिलं. हे तिथंच बसून ठोकळ्यावर ठोकळा ठेवून राहिली. डोळा वर केला नाही. घरी कोण आहे तिच्याजवळ?"

"मी आहे," मी म्हटलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना घरचं माहीत होतं. "हाव," त्या म्हणाल्या, "पण तिले माहीत आहे का?"

त्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा सतरंजीवर बसलो. पावसाने ओढ दिली होती, कूलर अजून चालूच होता, हवा चिकट झाली होती. जुई झोपली होती. मीही पुस्तक घेतलं. वाचनात गुंतलो. मी मान्य करतो की गुंतलो.

अंगठा हलला.

मी सवयीने हूं म्हटलं. डोळे पानावरच होते. म्हणून झाल्यावर मला ऐकू आलं की मी काय म्हटलं. तोच हूं होता. गॅलरीत स्टुलावरून म्हटलेला. मी तसाच बसून राहिलो. पुढचं वाक्य वाचता येत नव्हतं आणि मान वर करता येत नव्हती.

अंगठा पुन्हा हलला. या वेळी जोरात, वळावर दुखेल इतका.

मी पुस्तक खाली ठेवलं. उठलो. दोरी पायात तशीच होती, म्हणून लंगडत गेलो. झोळी बाजूला करून पाहिलं. जुईने दोरी दोन्ही मुठींत धरली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय पाहिजे, जुई?"

"काही नाही," ती म्हणाली. आणि डोळे मिटले. दोरी सोडली नाही. थोड्या वेळाने पुन्हा ओढली. मी पुन्हा उठलो. त्या दुपारी मी अकरा वेळा उठलो.

सोमवारी मी तिला बालवाडीत सोडायला गेलो. फाटकाशी बोट सोडवायला गेलो तर ते सुटेना. तिने दोन्ही हातांनी माझा पाय धरला आणि ओरडायला सुरुवात केली. आई गेल्यावर तिला मी असं रडताना पहिल्यांदा पाहिलं. लाल झाली, खोकला आला, माझ्या पँटला शेंबूड लागला. ताई आतून धावत आल्या, तिला पाहून जागीच थांबल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

"रडली बाप्पा एकदाची! रड माय, रड. मोठ्याने रड." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही जा सर. जा म्हटलं नं. पण आज घ्यायला तुम्हीच या, साडेबारा म्हणजे साडेबारा. एक मिनिट उशीर केला त माझ्याशी गाठ आहे."

आजूबाजूच्या आयांना आम्ही दोघं वेडे वाटलो असू. मी कॉलेजला गेलो. त्या दिवशी नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे होते, ते मारले. साहेबांची परवानगी घेऊन लवकर निघालो. सव्वाबारापासून फाटकाशी उभा होतो. दार उघडल्यावर ती आधी चालत आली, मग धावत. महिन्याभराने ताईंनी सांगितलं की जुईने एका मुलीला बाहुलीवरून चावा घेतला. मी त्या मुलीच्या आईची माफी मागितली. ताईंनी तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण त्या खूश होत्या. चावा घेतलेली मुलगी आज तिची मैत्रीण आहे. आमच्याकडे येते, दोघी टेबलाखाली घर करतात, भांडतात, ती रुसून जाते, संध्याकाळी परत येते.

हे सगळं सांगताना मला असं दाखवायचं नाही की मीही त्यासोबत बरा झालो. मी रडलो नाही, अजूनही नाही. माझ्या वेळेला दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं आणि आता या वयात ओढून पाहण्याची सवय लागेल असं वाटत नाही. प्रणिताने त्या सकाळी मला का हाक मारली असेल, हे मी शोधत नाही. डोकं दुखत होतं म्हणून असेल. किंवा चहा झाला म्हणून. एवढं माहीत आहे की मी गेलो नाही. जुईच्या बाबतीत जे केलं ते प्रेमाने केलं का, हेही मला सांगता येणार नाही. मी उठत गेलो, एवढंच सांगता येईल.

झोळी कधीच निघाली. दोरी कपाटात आहे. जुईला आता दोरी लागत नाही, ती हाक मारते. दिवसातून कितीतरी वेळा, दुसऱ्या खोलीतून. आत्ताही मी स्टुलावर आहे, हातात ताटी आहे, आणि आतून आवाज आला.

"बाबाऽ"

मी हूं म्हटलं. ताटी खाली ठेवली. स्टुलावरून उतरून आत गेलो. ती कव्हरांच्या कागदात बसली होती.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. वर न पाहता.

मी परत गॅलरीत आलो. एक ताटी लागली आहे. दोन राहिल्या आहेत.